मुशीबाहेरचा धातू

(कोल्हापुरातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

संक्रांत होऊन चारच दिवस झालेत. त्यामुळे पुढच्या दोन रांगांत तरी कुणाच्या पर्समध्ये नाहीतर खिशात हलव्याची पुडी असणारच. असेल तर एक दाणा काढा आणि तोंडात टाकण्याआधी नीट बघा. मधे तीळ, भोवती साखर आणि साखरेला चहूबाजूंनी फुटलेले काटे. माझी आई हलवा करायची तेव्हा आम्हा भावंडांना शेगडीपाशी फिरकू द्यायची नाही. परातीत तीळ, खाली मंद निखारे, चमच्याने थोडाथोडा पाक आणि बोटांनी सतत हलवणं. काटा फुटायला लागला की शेजारच्या काकूंना हाक जायची, "आला बघा काटा!" आणि काकू हातातलं काम टाकून बघायला यायच्या.

तिच्याच हातची साखरेची चिक्की मात्र काचेसारखी असायची, आरपार दिसणारी. साखर तीच, पण इथे एक कणही बसू द्यायचा नाही. कढईच्या कडेला उडालेले साखरेचे दाणे ती ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, पाकात लिंबू पिळायची, एकदा उकळी आली की त्यात डाव घालायची नाही. मग तूप लावलेल्या ताटात ओतून भराभर लाटायची. "एक दाणा राहिला तरी सगळा पाक साखरतो," असं म्हणायची. मी पुढे मेटलर्जी शिकलो, ३१ वर्षं फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, काढली, आणि आज जे सांगायला आलोय त्याचं मूळ त्या वाक्यात आहे. हलव्याला बीज लागतं, चिक्कीला बीज चालत नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'हवेत तरंगणारा धातूचा रस आणि त्याचं झपाट्याने थंड होणं'. तिथे मी पोचतो. पण आधी मला मुशीबद्दल बोलायचंय. सोनाराची मूस सगळ्यांनी पाहिलेली असते. आपल्या इंडक्शन भट्टीचं लायनिंग म्हणजे मोठी मूसच. माझं म्हणणं असं की मूस म्हणजे नुसतं भांडं नव्हे. आतला रस कसा वागणार, कधी गोठणार, कशाचा बनणार, या सगळ्यात ती सामील असते. धातूचा स्वतःचा स्वभाव कळायचा असेल तर मूस काढून घ्यावी लागते. हे वाक्य मी गेली वीस वर्षं भेटेल त्याला ऐकवतोय, आज तुमची पाळी.

पाणी शून्य अंशाला गोठतं, असं आपण शाळेत घोकलं. त्यातलं अर्धंच पक्कं आहे. शून्याला बर्फ वितळतो, हे पक्कं. पण पाणी शून्याला गोठेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. उंच ढगांमधले स्वच्छ, बारीक थेंब उणे ३५ अंशांनाही पाणीच असू शकतात. ज्याच्या नावाने थर्मामीटरची मोजपट्टी आहे त्या फॅरनहाइटने बंद काचगोळ्यात पाणी ठेवून हे पाहिलं आणि १७२४ साली छापलं. कडाक्याच्या थंडीत राहिलेलं पाणी पातळच होतं, आणि धक्का लागताच त्यात क्षणार्धात बर्फ पसरला.

असं का होतं? शेताच्या कुंपणाचा हिशोब करून बघा. अर्ध्या गुंठ्याला कुंपण घालायला निघालात तर खर्च पिकाहून जास्त होतो. दोन एकराला तेच कुंपण परवडतं, कारण कुंपण कडेच्या लांबीने वाढतं आणि पीक क्षेत्रफळाने. पातळ धातूत जन्मणाऱ्या स्फटिकाचं असंच आहे. त्याच्याभोवती नवा पृष्ठभाग तयार व्हावा लागतो, त्याला ऊर्जा लागते. गोठण्याचा फायदा मिळतो तो आतल्या घनफळातून. इवलासा असताना त्याला हा व्यवहार तोट्यात जातो, म्हणून तो विरघळतो. पुन्हा जन्मतो, पुन्हा विरघळतो. ठरावीक आकार गाठला तरच टिकतो. आता समजा, शेजाऱ्याची भिंत आयती मिळाली. मग अर्धा गुंठाही परवडतो! मुशीची भिंत ही ती आयती भिंत. रसात तरंगणारा स्लॅगचा, म्हणजे मळीचा, कण, ऑक्साइडची पापडी, ह्याही आयत्या भिंतीच. धातू नेमका गोठणबिंदूपाशी गोठतो असं आपल्याला दिसतं, कारण आपण त्याला कायम भिंतींच्या संगतीत पाहिलंय.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधली मंडळी समोर दिसतायत. त्यांना हे नवीन नाही, त्यांच्याकडे फक्त नाव वेगळं आहे. लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, इनॉक्युलंट कशाला टाकतो आपण? ओतीव लोखंडातल्या कार्बनला ग्राफाइट व्हायला बीज मिळावं म्हणून. नाही टाकलं, किंवा टाकून ओतायला उशीर झाला, तर पातळ कडेला चिल येतो, म्हणजे ग्राफाइटऐवजी कार्बाइड होतं. कड पांढरी, कडक; मशीनशॉपमध्ये टूल तुटतं आणि संध्याकाळी फोन येतो. शुद्ध लोखंड आणि कार्बन यांच्या जोडीत ग्राफाइटबरोबर गोठण्याचं तापमान सुमारे ११५३ अंश सेल्सिअस आणि कार्बाइडबरोबर गोठण्याचं ११४७. मधे जेमतेम सहा अंश. रस बीजावाचून तेवढा खाली घसरला की काम बिघडलं. सिलिकॉन घालून आपण ही फट रुंद करतो, ते वेगळं. आणि सीई कपचा, म्हणजे रस ओतून त्याचं थंड होणं मोजायच्या छोट्या कपाचा, आलेख डोळ्यांपुढे आणा. रेघ उतरत येते, जिथे थांबायला हवी त्याच्याही खाली जाते आणि मग पुन्हा वर चढते. खाली जाणं म्हणजे अंडरकूलिंग. वर चढणं म्हणजे रिकॅलेसन्स, गोठताना धातूने सोडलेली उष्णता. हे दोन शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत. आपण कोल्हापूरकर आयुष्यभर अंडरकूलिंगशी भांडत आलो. आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे ती माणसं मात्र ते मुद्दाम वाढवतात, सहा अंश नव्हे, तीनशे अंश.

आता माझी तक्रार. थोडी लांबेल, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कशासाठी हे कळणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही निकेलच्या एका मिश्रधातूचे पंपाचे इम्पेलर ओतायला घेतले. तेव्हा सिम्युलेशन सॉफ्टवेअर नुकतंच आलं होतं. संगणकावर साचा काढायचा, रस कसा भरेल, कुठे आधी गोठेल, कुठे श्रिंकेज, म्हणजे रस आकसल्याने पोकळी, येईल, सगळं पडद्यावर रंगांत बघायचं. फार आनंद झाला होता आम्हाला. पण त्या सॉफ्टवेअरला आकडे भरवावे लागतात. गोठायला सुरुवात किती अंशांना, घनता किती, रसाची चिकटाई किती. लोखंडाचे आकडे तयार मिळत होते, या मिश्रधातूचे नव्हते. म्हणून आमच्या हीटमधला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या रसातला, एक तुकडा आम्ही एका प्रयोगशाळेत पाठवला. फी त्या काळी आमच्या दोन कामगारांच्या पगाराएवढी. महिन्याभराने रिपोर्ट आला. गुळगुळीत कागद, शिक्का, सही, आणि तापमान दशांशचिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. आम्ही ते डोळे मिटून सॉफ्टवेअरमध्ये भरलं. पडद्यावर कास्टिंग निर्दोष. प्रत्यक्षात पात्यांच्या मुळाशी पोकळ्या. रायझर बदलला, गेटिंग बदललं, ओतायचं तापमान वर-खाली केलं. दोन महिने रिजेक्शनचा ढीग वाढत होता. मालक भले होते, एक शब्द बोलले नाहीत, पण रोज संध्याकाळी त्या ढिगापाशी जाऊन उभे राहायचे. ते बघवायचं नाही.

शेवटी आमच्या जुन्या मेस्त्रींनी विचारलं, "साहेब, त्यांनी तिकडे रस कशात वितळवला होता?" मी रिपोर्ट उलटापालटा केला. कुठेच लिहिलेलं नव्हतं. मेस्त्री म्हणाले, "दूध कुठल्या भांड्यात तापवलं ते न विचारता का नासलं हे कसं सांगणार?" मी फोन केला. पलीकडून उत्तर, "नेहमीच्या क्रूसिबलमध्ये." नेहमीच्या म्हणजे? त्यांना ते सांगणं महत्त्वाचं वाटत नव्हतं. मग मी हट्टाने त्याच हीटचे तीन तुकडे पुन्हा पाठवले आणि तीन वेगळ्या मुशी मागितल्या: अ‍ॅल्युमिनाची, झिर्कोनियाची, ग्राफाइटची. तीन तुकडे थंड होताना तीन वेगळ्या तापमानांना गोठायला लागले. ग्राफाइटच्या मुशीतल्या तुकड्याचं पुन्हा पृथक्करण केलं, तर त्यात कार्बन वाढलेला! निकेल तापलं की कार्बन खातं. त्याला ग्राफाइटमध्ये वितळवणं म्हणजे लोणच्याच्या बरणीत लोखंडी डाव ठेवून वर लोणच्याची चव तपासणं. पहिला रिपोर्टही त्याच मुशीतला निघाला. म्हणजे दोन महिने आम्ही ज्या धातूचे आकडे वापरत होतो तो आमचा धातूच नव्हता.

मला राग चुकीबद्दल नाही, चूक कुणाकडूनही होते. मुशीचं नाव लिहिण्याची गरज वाटू नये, याचा राग आहे. तो अजून गेलेला नाही. त्या रागापोटी मी वाचायला लागलो की जगात कुणी मुशीशिवाय मोजतं का. आणि मग माझ्यापुढे एक दालनच उघडलं.

मुशीला चुकवण्याची युक्ती जुनी आहे. ब्रिस्टल शहरात विल्यम वॉट्स नावाचा शिशाचं काम करणारा कारागीर होता. त्याने आपल्या घरावर मनोरा चढवला, वरून चाळणीतून वितळलेलं शिसं सोडलं आणि खाली पाण्यात झेललं. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो आणि गोल असतानाच गोठतो. बंदुकीचे छर्रे. १७८२ सालचं पेटंट आहे हे. त्याला ही कल्पना स्वप्नात सुचली अशी दंतकथाही आहे. तो मनोरा १९६८ पर्यंत उभा होता, मग रस्तारुंदीत गेला. आपल्याकडचे वाडे जातात तसाच. अमेरिकेत हंट्सव्हिलला नासाने १०५ मीटर उंचीची नळी उभारली ती याच तत्त्वावर. थेंब वरून सोडायचा, ४.६ सेकंद तो कशालाही न शिवता पडत राहतो आणि वाटेत गोठतो. ब्रिस्टल हे गाव लक्षात असू द्या, पुन्हा येणार आहे.

दुसरी युक्ती डेव्हिड टर्नबुल यांची. अमेरिकेतल्या स्केनेक्टडीत जनरल इलेक्ट्रिकची प्रयोगशाळा होती, तिथले हे संशोधक. त्याच प्रयोगशाळेत १९४६ साली बर्नार्ड व्होनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचे कण ढगातल्या अतिथंड थेंबांना बीज पुरवतात हे सापडलं. आपण दुष्काळात कृत्रिम पावसाच्या बातम्या वाचतो, त्याचा उगम तिथला. एका छताखाली एक माणूस बीज पेरत होता आणि दुसरा बीज हटवत होता. टर्नबुल यांचा विचार फार सुंदर आहे. पोतंभर गव्हात शंभर खडे आहेत. पोतं एकत्र राहिलं तर ते खड्यांचं पोतं. पण तेच गहू दहा हजार वाट्यांत वाटलेत तर? बहुतेक वाट्या निखळ गव्हाच्या. तसा त्यांनी धातू अतिशय बारीक थेंबांत वाटला. घाण काही थेंबांतच जाते, बाकीचे शुद्ध राहतात. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवलं की असे निकेलचे थेंब गोठणबिंदूच्या सुमारे तीनशे अंश खाली जाऊनही पातळ राहतात. त्याआधी सगळे धरून चालले होते की धातू फार तर चार-पाच अंश खाली जातील. मुशीतला धातू पाहून धातूचा स्वभाव ठरवला होता ना!

पण बारीक थेंबांचा ढिगारा मोजायला अवघड. त्यापेक्षा एकच टपोरा थेंब हवेत धरून ठेवता आला तर?

ते कसं करतात हे फाउंड्रीवाल्यांना मी एका वाक्यात सांगू शकतो. इंडक्शन भट्टीत पूर्ण पॉवर दिल्यावर रसाला मधोमध घुमट येतो ना, त्याच जोरावर. कॉइलमधला उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह धातूत भोवरे-प्रवाह निर्माण करतो. ते प्रवाह मूळ चुंबकक्षेत्राला विरोध करतात, म्हणून धातू कॉइलपासून दूर ढकलला जातो. भट्टीत तो ढकलून घुमट होतो. कॉइल लहान केली, तळाशी निमुळती, वरचे एक-दोन वेढे उलट दिशेने, वारंवारिता काहीशे किलोहर्ट्‌झ, आणि आत ठेवला साताठ मिलिमीटरचा गोळा, तर तो थेट उचललाच जातो. जर्मनीत ओटो मुक यांनी १९२३ साली याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या मंडळींनी १९५२ साली वितळलेला धातू असा तरंगता ठेवल्याचं सविस्तर छापलं. गोळ्याला उचलणारा प्रवाहच त्याला तापवतो आणि वितळवतो. मूस नाही, भिंत नाही, भोवती फक्त शुद्ध वायू.

यात एक अडचण आहे. उचलणारा आणि तापवणारा प्रवाह एकच असेल, तर थंड कसं करणार? प्रवाह कमी केला तर गोळा पडतो. म्हणून पृथ्वीवर त्याच्यावर थंड हेलियम सोडतात. तो धातूशी संयोग पावत नाही आणि उष्णता भराभर वाहून नेतो.

हे मी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं, परदेशातल्या एका प्रयोगशाळेत, काळ्या काचेच्या खिडकीतून. तांब्याच्या नळीचे चार-पाच वेढे आणि मधे निकेलचा एक थेंब, पिवळा-पांढरा, थरथरणारा, कुठेही न टेकलेला. ३१ वर्षं मी टनांनी रस पाहिला, पण भांड्यावाचून कधी पाहिला नव्हता. तो इतका एकटा दिसत होता! त्यांनी हेलियम सोडला. थेंब मंदावत नारिंगी होत गेला. निकेलचा गोठणबिंदू १४५५ अंश. पडद्यावर आकडा त्याखाली गेला. १४०० झाले, १३०० झाले, आणि थेंब अजून पातळच, अजून थरथरतोय. १२०० च्या खाली गेला. खोलीत कुणी बोलत नव्हतं. आणि मग एकदम लखकन प्रकाश. एका बाजूने उजळत गेलेली लाट, डोळ्याला दिसली-न दिसली, आणि थेंब पुन्हा पिवळा होऊन निश्चल. सीई कपच्या आलेखातला तो बाक होता हा, रिकॅलेसन्स, पण अडीचशे-तीनशे अंशांचा. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या क्षणी त्या थेंबातही काटाच फुटला होता. अतिथंड रसात स्फटिक वाढतात ते हलव्यासारखे काटेरी, फांद्या फुटत जाणारे. आमच्या शास्त्रात त्यांना डेंड्राइट म्हणतात. आईने शेजारच्या काकूंना हाक का मारली असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

हेलियमची फुंकर मारावी लागते म्हणून ही मंडळी अवकाशात गेली. वजनच नसेल तर गोळ्याला जागेवर ठेवायला जेमतेम बळ पुरतं, तापवणं आणि सावरणं वेगळं करता येतं. शिवाय पृथ्वीवर जोरकस चुंबकक्षेत्राने थेंबाचा आकार ताणला जातो आणि आतला रस घुसळून निघतो. तिथे तो जवळजवळ गोल आणि शांत राहतो. जर्मनांचं टेम्पस नावाचं उपकरण १९९४ साली कोलंबिया यानातून वर गेलं. १९९७ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेलं, पण इंधनघटात बिघाड झाला आणि सोळा दिवसांची मोहीम चार दिवसांत गुंडाळावी लागली. तेव्हा नासाने तेच यान, तेच अंतराळवीर, तीच उपकरणं जुलैत पुन्हा पाठवली आणि प्रयोग पुरे केले. एका मोहिमेसाठी एवढं करणारी माणसं पाहिली की मला फार बरं वाटतं. पुढचं उपकरण २०१४ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलं. तिथे जर्मन अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्ट ते बसवत असताना वाहतुकीसाठी लावलेला एक बोल्ट निघेना. फिटर लोकांनो, ऐका. त्यांनी तो करवतीने कापला, आणि धातूचा कीस हवेत उडून यंत्रांत जाऊ नये म्हणून भोवती दाढीचा फेस लावला! आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही मेस्त्रीला हे सुचलं असतं.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. म्हणजे जे पत्रिकेवर छापलंय ते दहा मिनिटांत. ठीक आहे, भराभर घेतो, पण यातलं काही गाळणार नाही.

पहिलं, वेग. अंडरकूलिंग जितकं जास्त तितका स्फटिक वेगाने धावतो. शुद्ध निकेलमध्ये तीनशे अंश खाली तो वेग सेकंदाला ७० मीटरपर्यंत मोजलाय. जर्मनीतल्या डिटर हेरलाख यांच्या गटाचं हे काम. ७० मीटर म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. साताठ मिलिमीटरचा थेंब एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात पार. आणि अंडरकूलिंग एका मर्यादेपलीकडे गेलं की गोठलेल्या धातूतले स्फटिककण एकदम बारीक होतात, बाहेरून काहीही न मिसळता. क्रोमियम-निकेलच्या पोलादात तर दोनदा लखकन होतं. आधी फेराइट ही स्फटिकरचना जन्मते, जी तिथे टिकाऊ नव्हे, आणि क्षणभराने ऑस्टेनाइट ही दुसरी रचना तिला गिळते. मुशीत तो क्षण कधी दिसलाच नसता. वेल्डिंगमध्ये आणि आता धातूच्या थ्री-डी प्रिंटिंगमध्ये रस याच घाईने गोठतो, म्हणून या क्षणाला महत्त्व.

दुसरं, धातू इतका हट्टाने पातळ का राहतो? याचं उत्तर ब्रिस्टलमध्ये. तिथल्या विद्यापीठातले चार्ल्स फ्रँक यांनी १९५२ साली मांडलं की रसात एका अणूभोवती बारा अणू वीस त्रिकोणी पृष्ठांच्या आकृतीत बसायला पसंत करतात. त्या आकृतीत पाचपट सममिती असते. पंचकोनी फरशीने अंगण फटी न ठेवता भरून दाखवा बघू! भरत नाही. म्हणजे स्फटिक व्हायचं तर ही रचना आधी मोडावी लागते, आणि ते मोडायला रस तयार नसतो. पन्नास वर्षं ही कल्पनाच राहिली. २००३ साली केन केल्टन आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम-झिर्कोनियम-निकेलचा थेंब विद्युतभाराच्या जोरावर तरंगत ठेवला. ही पद्धत वेगळी, कॉइल नाही, त्यामुळे थेंब सगळ्या बाजूंनी मोकळा. शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत त्यातून क्ष-किरण सोडले आणि पाहिलं की थंड होत जाताना तीच रचना वाढत जाते. शिशाचे छर्रे आणि ही कल्पना एकाच गावच्या, हा योगायोग मला आवडतो, म्हणून लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

तिसरं, चिक्की. धातूला बीज मिळूच दिलं नाही आणि तो थंड होत राहिला, तर तो स्फटिक न होता काच होतो, म्हणजे अणू विस्कळीत असतानाच घट्ट होतो. कॅलिफोर्नियात पोल डुवेझ यांनी १९६० साली सोनं-सिलिकॉनचा रस थंड तांब्यावर फटकावून हे केलं. सेकंदाला दहा लाख अंश या वेगाने. आपल्याकडे काशी हिंदू विश्वविद्यालयात टी. आर. अनंतरामन यांनी हा विषय उभा केला. १९७१ साली त्यांनी सी. सूर्यनारायण यांच्याबरोबर या क्षेत्राच्या पहिल्या दशकाचा आढावा लिहिला. तरुणांनी तो मिळवून वाचावा. पुढे १९९३ साली पेकर आणि जॉन्सन यांचा झिर्कोनियमवर आधारलेला मिश्रधातू आला. त्याला सेकंदाला अंशभराचा वेगही पुरतो. हे कळलं कसं? तरंगता थेंब वेगवेगळ्या तापमानांना धरून, कितव्या सेकंदाला लखकन होतं ते मोजून. सर्वांत घाईच्या तापमानालाही सुमारे एक मिनिट मिळतं. ही मोजणी मुशीत केली असती तर ती मुशीची निघाली असती.

चौथं, माझ्या जिव्हाळ्याचं, आकडे. तरंगत्या थेंबाला हलका धक्का देतात, तो लयीत लांबट-चपटा होत राहतो. किती वेगाने थरथरतो त्यावरून पृष्ठताण. हे गणित रॅले यांनी १८७९ सालीच करून ठेवलंय. थरथर किती लवकर विरते त्यावरून चिकटाई. छायाचित्रावरून घनता. तापमान दुरूनच, त्याच्या प्रकाशावरून. कशानेही न शिवता. टर्बाइनच्या पात्यांच्या मिश्रधातूंचे, टायटॅनियमचे, ओतीव लोखंडाचे असे आकडे आता मिळतात, आणि सिम्युलेशनला भरवायचे ते हेच असतात. माझं मागणं आहे ते आपल्या फाउंड्रीवाल्यांकडे. पुढच्या वेळी कुठलाही रिपोर्ट हातात आला, की सहीच्या आधी मुशीचं नाव शोधा. नसेल तर परत पाठवा. आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांपैकी एखाद्याने तरी अशी कॉइल बांधावी. अ‍ॅल्युमिनियमचा गोळा तरंगवण्याइतकी तरी. दोनदा बोललोय त्यांच्याशी, तिसऱ्यांदा बोलणार आहे.

वेळ संपलाय, बघतोय मी. बाहेर टेबलावर दोन वस्तू ठेवल्यात. एक आमचा सीई कप, आलेखासकट. दुसरी एक चंदेरी फीत. ती ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वापरतात. फिरत्या तांब्याच्या चाकावर रस सोडून बनवलेली लोखंड-बोरॉन-सिलिकॉनची काच, जाडी ०.०२५ मिलिमीटर. तिच्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर नुसता चालू ठेवताना जी वीज वाया जाते, ती नेहमीच्या पत्र्याच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशाने कमी असते. हातात घ्या, वाकवा, चुटकीने वाजवून आवाज ऐका. फक्त कडेवरून बोट फिरवू नका. तिची धार ब्लेडसारखी आहे, आणि शेजारी हलव्याची वाटीही ठेवलीय.